डेबियनचा इन्स्टॉलर आणि सॉफ्टवेअर रेड: ॲरे चोख, बूटचं तुम्ही बघा

दोन डिस्कवर रेड-१ (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी जोडणी, म्हणजेच ॲरे) करून सर्व्हर उभा करायचा तर डेबियन लिनक्सच्या १२ आणि १३ या आवृत्त्यांचा इन्स्टॉलर अजूनही पहिली पसंती ठरावा असा आहे. दिसायला जुनाट, मेनूत मेनू, आणि ॲरे बनवायला घेतला की बदल लगेच डिस्कवर लिहिले जातात, मागे फिरता येत नाही. पण ॲरे तो नीट बांधतो. खोट आहे ती बूटच्या बाजूला, आणि नेमकी डिस्क मेल्यावरच ती उघडी पडते.

सर्वाधिक तक्रारी मात्र त्याआधीच्या असतात: ‘डिस्क वापरात आहे’ म्हणून इन्स्टॉलर अडून बसतो. कारण बहुतेक वेळा एकच, डिस्क पूर्वी दुसऱ्या ॲरेत होती. १.२ मेटाडेटाचा सुपरब्लॉक (ॲरेची माहिती ठेवणारी नोंद) पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. पार्टिशन डिलीट केलं तरी तो पुसला जात नाही. नवं पार्टिशन त्याच जागी सुरू झालं की जुना ॲरे एमडी१२७ नावाने पुन्हा उभा राहतो. ऑल्ट-एफ२ दाबून (ग्राफिकलमध्ये कंट्रोलही) शेलमध्ये जा, प्रॉक खालची एमडीस्टॅट फाइल (चालू ॲरेंची यादी) वाचा, एमडीॲडमने (रेड हाताळणारी कमांड) तो ॲरे ‘स्टॉप’ करा आणि प्रत्येक मेंबर पार्टिशनवर ‘झिरो-सुपरब्लॉक’ चालवा. स्टॉप न करता पुसायला गेलात तर डिव्हाइस बिझी असल्याचं उत्तर येईल. त्या ॲरेवर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) असेल तर आधी त्याचा व्हॉल्यूम ग्रुप बंद करा.

मदरबोर्डच्या रेडचे अवशेष वेगळे. इंटेलचा मेटाडेटा डिस्कच्या शेवटी असतो, त्यामुळे सुरुवातीचे मेगाबाइट शून्य करून तो जात नाही. एनव्हीएमई डिस्क यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये आरएसटी (इंटेलच्या रेडचा) मोड चालू आहे का पाहा आणि असल्यास एएचसीआय (साधा मोड) करा. त्याच मशीनवर विंडोज असेल तर आधी तिकडची तयारी हवी, नाहीतर ते उठणार नाही.

मांडणी साधी ठेवावी: जीपीटी पार्टिशन टेबल, दोन्ही डिस्कवर ५१२ एमबीचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींसाठी), उरलेलं रेडसाठी, आणि शेवटी १०० एमबी मोकळे. बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आणि किंचित लहान निघाली तर ही मोकळी जागा वाचवते. ॲक्टिव्ह डिव्हाइस २, स्पेअर ०. ॲरे तयार झाल्यावर यादीत त्याच्या खाली ‘#१’ अशी ओळ येते. फाइलसिस्टम आणि माउंट पॉइंट तिथे द्यायचे. नवखे इथेच अडखळतात. सिंक (दोन्ही डिस्क एकसारख्या होणं) पूर्ण व्हायची वाट पाहू नका. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने सुद्धा सात-साडेसात तास घेते, आणि इन्स्टॉलेशन तोवर चालू राहतं.

आता मुख्य दोष. इन्स्टॉलर ग्रब (सिस्टम सुरू करणारा बूटलोडर) एकाच ईएफआय पार्टिशनवर टाकतो. पहिली डिस्क गेली की डेटा शाबूत, पण मशीन उठत नाही. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर दुसरी डिस्कही बूट डिव्हाइस म्हणून घेतो. फेडोराचा इन्स्टॉलर ॲनाकोंडा ईएफआय पार्टिशनच १.० मेटाडेटाच्या रेड-१ वर ठेवू देतो. तिथे सुपरब्लॉक शेवटी असल्याने फर्मवेअरला ते साधं फॅट पार्टिशन वाटतं. युक्ती छान, पण फर्मवेअरने एकाच डिस्कवर काही लिहिलं तर दोन प्रती गुपचूप वेगळ्या होतात. त्यापेक्षा दोन स्वतंत्र पार्टिशनं बरी.

म्हणून इन्स्टॉल झाल्यावर हे हाताने करायचं: दुसरं ईएफआय पार्टिशन फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून पहिल्यातलं सगळं त्यात कॉपी करा, ईएफआयबूटएमजीआर या कमांडने त्या डिस्कची वेगळी बूट एंट्री बनवा (सिक्युअर बूट असेल तर शिमच्या, म्हणजे ग्रबच्या आधी चालणाऱ्या सही केलेल्या छोट्या लोडरच्या, फाइलकडे बोट दाखवा). ग्रब पॅकेज अपडेट झालं की ही कॉपी पुन्हा करावी लागते. आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची याची फाइल) बूट-ईएफआयच्या ओळीत ‘नोफेल’ घाला. ते नसेल तर ग्रब दुसऱ्या डिस्कवरून उठूनही सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) हरवलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. लोक ग्रबला दोष देतात, दोषी मात्र एफएसटॅब.

जुन्या बायोसच्या मशीनवर प्रकरण सोपं आहे: दोन्ही डिस्कवर १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन, नंतर ग्रब-पीसी रीकॉन्फिगर करून दोन्ही डिस्कवर खूण.

इन्स्टॉलर मराठीतही चालतो, पण फक्त ग्राफिकल रूपात. एरर शोधायचे असतील तर इंग्रजीच बरी.

सर्व्हर कामाला लावण्याआधी मशीन बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. उठलं, लॉगिन झालं, तरच ठीक. केबल परत जोडल्यावर ती डिस्क आपोआप ॲरेत येईल असं धरू नका. एमडीॲडमच्या ‘ॲड’ने ती घाला. ॲरेवर बिटमॅप (बदललेल्या ब्लॉकची नोंद) असेल तर तेवढ्या वेळात बदललेलेच ब्लॉक सिंक होतात.