मॅस्टोडॉन, लेमी, ब्लूस्काय की नॉस्टर? आधी बाहेर पडायचं दार बघा

ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरचा मालक बदलला आणि कित्येकांनी तिथून गाशा गुंडाळला. पुढच्याच वर्षी रेडिटने बाहेरच्या ॲपना एपीआयसाठी, म्हणजे रेडिटवरचा मजकूर मिळवायच्या सोयीसाठी, पैसे आकारायचं ठरवलं. अपोलोसारखं लोकांचं लाडकं ॲप ३० जून २०२३ ला बंद झालं आणि तिथूनही माणसं निघाली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, आता जायचं कुठे? उत्तरात चार नावं हमखास येतात: मॅस्टोडॉन, लेमी, ब्लूस्काय आणि नॉस्टर.

या चौघांची तुलना बहुधा अक्षरमर्यादेपासून सुरू होते. मॅस्टोडॉनवर सहसा ५००, ब्लूस्कायवर ३००. हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं, त्यासाठी लेख कशाला हवा. मी दुसऱ्या बाजूने बघतो. उद्या सर्व्हर, म्हणजे आपलं खातं ज्या कुणीतरी चालवलेल्या संगणकावर राहतं तो, बंद पडला, चालवणाऱ्याशी पटेनासं झालं किंवा नुसता कंटाळा आला, तर बिऱ्हाड हलवताना सोबत काय काय नेता येतं? हा प्रश्न मला काही शहाणपणाने सुचलेला नाही. माझं पहिलं खातं मॅस्टोडॉनच्या एका छोट्या सर्व्हरवर होतं आणि तो निवडायचं कारण एवढंच, की नाव गोड होतं. वर्ष-दीड वर्षाने चालकाचा निरोप आला: वेळ पुरत नाही, खिशाला परवडत नाही, महिनाअखेरीला बंद करतोय. फॉलोअर माझ्यासोबत आले. लिहिलेलं मात्र तिथेच राहिलं, आणि महिना संपल्यावर तिथेही राहिलं नाही.

ओपन सोर्स म्हणजे जोडलेलं असं नव्हे

निवड करण्याआधी एक गफलत दूर करायला हवी. कोड खुला आहे म्हणजे ते ठिकाण बाकीच्यांशी जोडलेलं असेलच असं नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेलं डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं ट्रूथ सोशल मॅस्टोडॉनच्याच कोडवर उभं राहिलं. पण मॅस्टोडॉनचा एजीपीएल परवाना सांगतो, की कोड घ्या, बदला, फक्त बदललेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्या. ट्रूथ सोशलने तो दिला नव्हता, यावरून वाद झाला आणि त्यांना कोड जाहीर करावा लागला. तरी तिथून बाकीच्या मॅस्टोडॉन सर्व्हरशी बोलता येत नाही. म्हणजे कोड एकच असूनही दार बंद.

दार उघडं ठेवतो तो प्रोटोकॉल, सर्व्हरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. मॅस्टोडॉन आणि लेमी ॲक्टिव्हिटीपब बोलतात. डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिफारशीचा दर्जा दिला. ब्लूस्कायचा एटी प्रोटोकॉल वेगळा, नॉस्टर तर स्वतःच एक प्रोटोकॉल. ॲक्टिव्हिटीपबवाल्या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड आणि फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेचं व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब त्यातलेच. छायाचित्रं हाच तुमचा जीव असेल तर पिक्सेलफेड जरूर बघा, पण सुरुवात करणाऱ्याला मी ते दुसरं खातं म्हणून सुचवेन.

मॅस्टोडॉन: माणसांमागे जायचं असेल तर

ऑयगन रोश्कोने २०१६ मध्ये हे सुरू केलं. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. पत्ता ईमेलसारखा: तुमचं नाव आणि पुढे सर्व्हरचं नाव. कोणत्याही सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं. घरची टाइमलाइन काळाच्या क्रमाने चालते, मध्ये कुणी अल्गोरिदम बसून तुम्हाला काय आवडेल ते ठरवत नाही.

नवा माणूस नेमका इथेच अडतो. अल्गोरिदम नाही म्हणजे पहिल्या दिवशी पान रिकामं. लोक दोन पोस्ट टाकतात, कुणी फिरकत नाही, आणि "इथे कुणीच नाही" असं म्हणून निघून जातात. माणसं असतात, पण ती स्वतः शोधावी लागतात. हॅशटॅग फॉलो करायची सोय आहे, ती आधी वापरा. आपल्या आवडीचे आठ-दहा हॅशटॅग फॉलो केले की आठवडाभरात पान भरायला लागतं. आणि स्वतः बोलण्याआधी दुसऱ्यांना उत्तरं द्या. इथे ओळखी उत्तरांतून होतात.

आणखी एक गोष्ट फार थोडे सांगतात. तुमच्या सर्व्हरला सगळं जग दिसत नाही. त्या सर्व्हरवरचं कुणी ना कुणी ज्यांना फॉलो करतं, प्रामुख्याने त्यांच्याच पोस्ट तिथे येतात. त्यामुळे वीस माणसांच्या सर्व्हरवर एखादा हॅशटॅग ओस पडलेला दिसतो आणि वीस हजारांच्या सर्व्हरवर तोच गजबजलेला. छोटा सर्व्हर म्हणजे आपुलकीचा, हे खरं असलं तरी पहिलं खातं तिथे उघडू नये असं माझं मत यावरूनच बनलं. अगदी मोठा मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सर्व्हरही मी टाळेन. तिथे गर्दी इतकी की चालकांना तुमचं नाव कळणारही नाही. मधला बरा.

आता निघायचं दार. नव्या सर्व्हरवर खातं उघडून जुन्यावरून "स्थलांतर" केलं की फॉलोअर आपोआप मागे येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, बुकमार्क हे सगळं सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये उतरवून नव्या जागी चढवता येतं. पोस्ट येत नाहीत. त्यांचा संग्रह उतरवून स्वतःजवळ ठेवता येतो, नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. आणि या सगळ्यासाठी जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. तो एका रात्रीत गेला तर फॉलोअरही गेले.

लेमी: विषयामागे जायचं असेल तर

रेडिटसारखी रचना: विषयवार समुदाय, पोस्ट, खाली प्रतिक्रियांचं झाड, वर-खाली मतं. २०१९ पासून आहे, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, पण लोकांचा लोंढा आला तो जून २०२३ मध्ये. इथे फॉलोअर वगैरे भानगड नाही. तुम्ही कोण आहात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तुम्ही काय बोलता ते वाचलं जातं. बुजऱ्या माणसाला हे फार सोयीचं. पहिल्याच दिवशी पान भरलेलं असतं, कारण "सर्व" या विभागात आलेलं सगळं दिसतं.

दोघांची गाठही पडते, पण एकतर्फी. मॅस्टोडॉनवरून लेमीचा समुदाय फॉलो करता येतो, प्रतिक्रिया देता येते. लेमीवरून मॅस्टोडॉनवरचा माणूस फॉलो करता येत नाही. प्रत्यक्षात मॅस्टोडॉनमधून लेमी वाचणं म्हणजे चाळणीतून पाणी पिणं. दोन्ही हवं असेल तर दोन खाती उघडा.

निघायच्या बाबतीत लेमी मॅस्टोडॉनहून कच्चं आहे. सदस्यत्व घेतलेल्या समुदायांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, जतन केलेल्या पोस्टची यादी आणि सेटिंग फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता येतात, बस. फॉलोअरच नसल्यामुळे तुमचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते समुदायाचं. समुदाय कुठल्यातरी एका सर्व्हरवर राहतो आणि तो सर्व्हर बंद झाला की इतरत्र फक्त गोठलेल्या प्रती उरतात. जून २०२५ मध्ये लेम डॉट ईई हा मोठा सर्व्हर बंद झाला तेव्हा तिथल्या समुदायांना नवी जागा शोधून सगळ्यांना पुन्हा गोळा करावं लागलं. स्वतःचा समुदाय काढायच्या विचारात असाल, तर आपल्या खात्याच्या सर्व्हरपेक्षा समुदायाचा सर्व्हर निवडताना जास्त वेळ घालवा.

ब्लूस्काय: कागदावर सगळ्यात रुंद दार

२०१९ मध्ये ट्विटरच्या पोटातच याची कल्पना जन्मली, मग ती वेगळी कंपनी झाली, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाशिवाय कुणालाही प्रवेश मिळू लागला. सर्व्हर निवडायची कटकट नाही. खातं उघडा, दोन-चार फीड (निवडक पोस्टच्या माळा) घ्या, बोला. लोकांनी बनवलेली फीड ही इथली खरी मजा: अल्गोरिदम हवा तर घ्या, नको तर बदला. ज्यांना मॅस्टोडॉन जमलं नाही असे माझ्या ओळखीचे बहुतेक इथे सुखाने नांदतात.

कागदावर याची रचना सगळ्यांत सरस आहे. तुमची ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नाही, तिला स्वतंत्र कायमचा क्रमांक आहे. तुमचा मजकूर ज्या सर्व्हरवर राहतो तो बदलला तर पोस्ट, फॉलोअर, सगळं सोबत येतं. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) असेल तर तेच तुमचं नाव होऊ शकतं. मॅस्टोडॉनवाल्यांनी हेवा करावा अशी ही सोय.

पण बहुतेक लोक अजून त्या एका कंपनीच्याच सर्व्हरवर राहतात, आणि खात्याची ओळख दुसरीकडे वळवायची किल्लीही (एक गुप्त सांकेतिक अंक) मूळ व्यवस्थेत तिथेच असते. कंपनी चांगली वागते आहे तोवर स्थलांतर सोपं. ती अचानक दार लावून बसली, तर ज्याने आधीच स्वतःची वेगळी किल्ली नोंदवली आणि मजकुराची प्रत काढून ठेवली त्यालाच सहज बाहेर पडता येईल. असं किती जण करतात? दार रुंद आहे, वापरून पाहिलेलं मात्र थोड्यांनीच.

नॉस्टर: घरच नाही

२०२० मध्ये फियातजाफ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने हे मांडलं. इथे खातं असं नसतंच. दोन किल्ल्या तयार होतात, एक जगाला दाखवायची, एक लपवायची. पोस्टवर लपवलेल्या किल्लीने सही होते आणि ती रिले नावाच्या अनेक साध्या सर्व्हरवर जाते. एक रिले बंद पडला, दुसरा जोडा. ॲप आवडलं नाही, दुसरं घ्या. तीच किल्ली लावली की सगळं समोर. बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच मिटला.

फक्त किल्ली हरवली तर ओळख कायमची गेली. "पासवर्ड विसरलात?" असं विचारणारं कुणी नाही. कुणाच्या हाती लागली तर तो तुमच्या नावाने बोलत राहील आणि तुम्ही काही करू शकणार नाही. पोस्ट पुसायची फक्त विनंती करता येते, ऐकायची की नाही ते रिलेच्या मर्जीवर. गप्पांमध्ये बिटकॉइनचा भरणाही बराच. ज्यांना पासवर्ड वहीत लिहूनही वही सापडत नाही, त्यांनी इकडे फिरकू नये. मी स्वतः त्यांतलाच.

कोण कोणाला हाकलू शकतं

मॅस्टोडॉन आणि लेमीवर हा अधिकार सर्व्हरच्या चालकाचा. तो एखाद्या माणसालाच काय, अख्ख्या दुसऱ्या सर्व्हरलाही तोडू शकतो. जून २०२३ मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडले. नव्या गर्दीवर लक्ष ठेवायला बीहॉकडे माणसं पुरत नव्हती. चूक कुणाचीच नव्हती, पण दोन्हीकडच्या सदस्यांच्या गप्पा तुटल्या. म्हणून खातं उघडण्याआधी सर्व्हरच्या "विषयी" पानावर रोखलेल्या सर्व्हरांची यादी असेल तर ती चाळा. ब्लूस्कायवर कंपनीची स्वतःची देखरेख आहेच, त्यावर इतरांनी चालवलेल्या लेबल-सेवा (पोस्ट आणि खात्यांवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या) आपल्या आवडीने जोडता येतात. नॉस्टरवर जवळजवळ सगळं निवडणं-गाळणं तुमच्याच अंगावर.

गुपितं मात्र यांपैकी कुठेही बोलू नका. मॅस्टोडॉनवरचे "खाजगी" निरोप चालकाला वाचता येऊ शकतात. त्यात एखाद्या तिसऱ्याचा पत्ता सहज उल्लेख म्हणून लिहिलात, तर तो निरोप त्यालाही जातो, आणि या एका गोष्टीने किती जणांची फजिती झाली असेल देव जाणे. लेमीवर तुम्ही दिलेली मतं चालकांना दिसतात. ब्लूस्कायवर तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय हेही सार्वजनिक असतं.

सर्व्हर निवडताना

नावाला भुलू नका, हे तर मी फी भरून शिकलो. डोमेनचं शेपूट बघा. क्वीअर डॉट एएफ हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला, कारण डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं शेपूट आणि तिथल्या तालिबान राजवटीने ते नाव काढून घेतलं. चालक एकटा आहे की दोघं-तिघं? खर्च कुठून भागतो ते उघड सांगितलंय का? जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवरच्या यादीत येण्यासाठी सर्व्हरना काही अटी मान्य कराव्या लागतात: रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना. माझ्या त्या गोड नावाच्या सर्व्हरने महिनाही दिला नव्हता. मोठी संस्था मागे असणं हीदेखील हमी नव्हे, फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. तिथे सूचना मात्र आधी मिळाली होती.

मला विचाराल तर माणसांशी बोलायचं असेल त्याने मधल्या आकाराच्या, दोन-तीन वर्षं टिकलेल्या मॅस्टोडॉन सर्व्हरवर जावं. विषयात रमणाऱ्याने लेमीवर. आपली माणसं आधीच ब्लूस्कायवर असतील तर उगाच तत्त्वाला चिकटून बसू नये, तिकडे जावं, पण शक्य असेल तर स्वतःच्या डोमेनचं नाव लावून. ब्लूस्काय आणि फेडिव्हर्स जोडणारा ब्रिजी फेड नावाचा पूलही आहे, त्यावरून पलीकडच्यांना फॉलो करता येतं. अट एवढीच, की त्यांनीही पूल चालू केलेला हवा. नॉस्टर हौसेने बघा, वर्षभराचं लिखाण तिथे पहिल्याच दिवशी ठेवू नका.

आणि मॅस्टोडॉनवर गेलात तर सेटिंगमधलं "निर्यात" हे पान पहिल्याच दिवशी उघडून बघा. माझ्या पहिल्या फाइलमध्ये चार नावं होती. आता दर महिन्याच्या एक तारखेला उतरवतो, ती उघडायला संगणक दोन सेकंद घेतो.