वाइड की क्लोज-अप? पाण्याखालच्या छोट्या कॅमेऱ्याची पहिली लेन्स

ऑलिम्पसचा टीजी-६ हा छोटा कॅमेरा आणि त्याचं केसिंग (पाण्यात न्यायचं जलरोधक कवच) घेऊन झालं की खिशात जेमतेम केसिंगवर बाहेरून लावायच्या एका लेन्सपुरते पैसे उरतात. माझे तरी तेवढेच उरले होते. वाइड (रुंद दृश्य टिपणारी) घ्यावी की क्लोज-अप (बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारी), यावर एक अख्खा पावसाळा घालवला आणि शेवटी वर्षभराच्या अंतराने दोन्ही घेतल्या. आधी चुकीची, मग बरोबर. अर्थात ‘चुकीची’ माझ्यापुरती. मी बहुतेक वेळा मालवणला डाइव्ह करतो. तुम्ही अंदमानवाले असाल तर यातलं निम्मं उलटं करून वाचा.

वाइडची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. सपाट काचेतून पाण्यातलं सगळं साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं, त्यामुळे टीजीची २५ मिमीची लेन्स खाली ३३च्या आसपास जाते. बरोबरचा डायव्हर फिन्ससकट फ्रेममध्ये घ्यायचा तर मागे सरकावं लागतं आणि मागे सरकलं की मधलं पाणी वाढतं. मालवणात बरेचदा ते पाणी म्हणजे भाताची पेज. वाइड लावली की जवळ जाऊनही माणूस मावतो. म्हणून गढूळ पाण्यात वाइड वापरा, हा जुन्या लोकांचा सल्ला खोटा नाही. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला एकदा पाणी स्वच्छ मिळालं, तेव्हा तिने दिलेला माशांच्या थव्याचा फोटो अजून घरच्या भिंतीवर आहे.

पण तो बुडबुडा!

माझी वाइड चांगली जड, आट्यांवर फिरवून बसवायची. बोटीच्या काठावरून पाठीवर उडी मारली की केसिंगची काच आणि लेन्स यांच्यामध्ये हवा अडकते. त्या फटीत पाणी पूर्ण भरलं नाही तर फोटोत वरच्या बाजूला धूसर अर्धचंद्र उगवतो. उपाय म्हणे सोपा : खाली गेल्यावर लेन्स दोन फेरे सैल करा, हवा बाहेर काढा, परत आवळा. घरी बादलीत मलाही पहिल्याच झटक्यात जमलं होतं. समुद्रात लाट झुलवत असते, आटा तिरका बसतो आणि बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, तिसऱ्यांदा ‘ठीक ना?’ची खूण करत असतो. गोव्यात ग्रँड आयलंडला एका सकाळी हा उद्योग मी चारदा केला. तरी घरी लॅपटॉपवर पाहतो तर निम्म्याहून जास्त फोटोंत चंद्र हजर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो दिसलाच नव्हता. बरं, वैतागून काढली तर ही लेन्स ठेवायची कुठे? खिशात मावत नाही, दोरीला लटकवली तर खडकावर आपटते.

हवा क्लोज-अपमागेही अडकते. पण ही लेन्स हलकी असल्यामुळे फ्लिप अडॅप्टरवर बसते, म्हणजे बिजागरीवरच्या दारासारखी उघडझाप करते. दार उघडलं की बुडबुडा आपला आपण वर निघून जातो. खरं सांगायचं तर माझा निर्णय या बिजागरीनेच केला.

टीजीला मायक्रोस्कोप मोड असताना क्लोज-अप कशाला, असं मलाही वाटायचं. तो मोड १ सेंमीवर फोकस करतो हे खरं, पण तेवढं जवळ गेलं की केसिंगची सावली पडते आणि ज्याचा फोटो घ्यायचा तो प्राणी बिळात शिरतो. +६ नंबरची क्लोज-अप लेन्स लावून झूम पूर्ण ताणला की मी १५ सेंमीवरून काम करतो. तेवढ्या जागेत बाजूने तिरका टॉर्च मारता येतो आणि १५ सेंमी पेज काही फार आड येत नाही. तोटा असा की फोकस अगदी पातळ. समुद्री गोगलगायीची शिंगं स्पष्ट आली तर शेपटी पुसट. लाटेत दहातला एखादाच फोटो बरा निघतो. आणि कासव समोर आलं की दार उघडून जे मिळेल ते घ्यायचं.

बाकीच्या सामानात टॉर्चवर पैसे घाला, रुंद झोताचा घ्या. लाल फिल्टर निळ्या, स्वच्छ पाण्यासाठी ठीक; आपल्या हिरव्या पाण्यात माझ्या अनुभवाने तो फक्त उजेड खातो. केसिंगमध्ये ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी आणि ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एखादा केस तर अडकला नाही ना, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मोजमाप वगैरे माझ्याकडे नाही. हार्ड डिस्कवर जपून ठेवलेले फोटो चाळले तर दहातले आठ क्लोज-अपचे निघतील, इतकंच.

वाइड मी विकली नाही. एक मित्र अंदमानला निघाला की मागून नेतो. मागच्या वेळी परत द्यायला आला तेव्हा चपला काढायच्या आधी म्हणाला, “अरे, तो चंद्र कसा घालवायचा?”