आइसलँडचा घोडा की किर्गिझस्तानचा?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या जाऊबाईंचा फोन आला, "मे-जूनच्या सुट्टीत मुलांना घोड्यावर बसवायचंय. आइसलँड की किर्गिझस्तान?" (पत्ताच घोडबंदर म्हटल्यावर हौस असणारच!) यांचा आजवरचा अनुभव म्हणजे माथेरानला दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंत.

खर्चात तुलनाच नाही. आइसलँडमध्ये जेवणखाण, मुक्काम सगळंच महाग, वर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा. तिथल्या एका फेरीच्या पैशात किर्गिझस्तानात वाटाड्यासकट बराच वेळ घोडा मिळतो.

पण घोडा म्हणाल तर आइसलँडचा. बुटका, शांत, 'टोल्ट' नावाच्या चालीत एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे स्वार उसळत नाही. नवशिक्याची कंबर वाचते. जात शुद्ध राहावी, रोग येऊ नयेत म्हणून देशाबाहेर गेलेला घोडा परत आत घेत नाहीत. हेल्मेट तिथेच देतात. वापरलेले चामडी हातमोजे मात्र इथून नेऊ नका, बंदी आहे.

किर्गिझस्तानातलं सोंग-कुल तळं सुमारे 3,000 मीटरवर. पहिल्या दिवशी धाप लागते, रात्री युर्टमध्ये (तिथल्या भटक्यांच्या गोल तंबूत) जूनमध्येही कुडकुडायला होतं. मुलांच्या मापाचं हेल्मेट ठाण्याहूनच न्यावं. आणि दोन्हीकडे विम्यात घोडेस्वारी धरलीय का, ते आधी वाचा.

जाऊबाईंची धाकटी सात वर्षांची, सासूबाईही सोबत. त्यांना आइसलँड, तासाभराची फेरी. तुमची मुलं बारा-तेराची, पाठ धड आणि चार दिवस आंघोळीवाचून चालणार असेल, तर सोंग-कुल.