इंटरचेंजच्या वादासाठी घेतलेला साउंड मीटर : चार महिन्यांच्या वापरानंतर

मी रात्रपाळी करणारी नर्स आहे, दिवसा झोपते. वस्तीच्या मागे महामार्गाचा इंटरचेंज (रस्ते एकमेकांना जोडणारे पूल आणि चढ-उताराचे रॅम्प) येणार हे कळल्यावर बाकीचे जागा आणि धुळीबद्दल बोलत होते, मला मात्र आवाजाचीच धास्ती होती. पहिल्या बैठकीत उठून मी ते सांगितलं. समोरच्या अभियंत्यांनी शांतपणे विचारलं, "आज तुमच्याकडे किती डेसिबल आवाज असतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मीटर मागवला.

त्याआधी फोनवरची ॲप वापरून पाहिली होती. एकाच खिडकीत ठेवलेल्या तीन फोनांनी तीन वेगळे आकडे दाखवले, त्यामुळे तो नाद सोडला. घेतला तो हातात मावणारा, क्लास 2 दर्जाचा (ही अचूकतेची श्रेणी) मीटर. घेताना तीन गोष्टी बघा: ए-वेटिंग (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजण्याची सोय), नोंदी साठवायची सोय आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एलईक्यू, म्हणजे ठरावीक वेळेतल्या ध्वनिऊर्जेची सरासरी. साधे मीटर फक्त त्या क्षणाचा आकडा दाखवतात. आत्ता 52, लगेच 67, परत 55. अशा नाचणाऱ्या आकड्यावर सुनावणीत काय बोलणार?

कॅलिब्रेटर वेगळा घ्यावा लागतो. तो मायक्रोफोनवर बसवला की 1000 हर्ट्झचा, 94 डेसिबलचा सूर देतो आणि मीटर तितकंच दाखवतो की नाही ते कळतं. मोजणीच्या आधी आणि नंतर मी हे दर वेळी करते आणि वहीत लिहून ठेवते. काटकसर करायचीच असेल तर दुसरीकडे करा, इथे नको.

पहिल्या आठवड्याचे सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. मीटर मी बाल्कनीत भिंतीला खेटून ठेवला होता. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने आकडा 3 डेसिबल किंवा त्याहूनही जास्त फुगू शकतो. ट्रायपॉडवर दीड मीटर उंचीवर आणि भिंतीपासून साडेतीन मीटर लांब ठेवायचा असतो, हे नंतर वाचलं. सोबत येणारा फोमचा गोळा मायक्रोफोनवर हवाच, नाहीतर वाऱ्याचा घोंगावच मोजला जातो. जोराचा वारा असेल त्या दिवशी मोजणीच करू नये.

खरा उपयोग झाला तो मी मीटर घेऊन जुन्या रस्त्यावर गेले तेव्हा. तिथले लोक इंटरचेंज व्हावा या मताचे, कारण तो झाला की त्यांच्या दारातली वाहतूक तिकडे वळेल. आमच्या बैठकांत त्यांचा उल्लेख जरा तुटकपणेच व्हायचा. तिथल्या एका काकांनी मला सुनावलं, "तुमच्याकडे येईल म्हणून ओरडताय, आमच्याकडे वीस वर्षं आहे त्याचं काय?" त्यांच्या अंगणात तासभर मोजलं. सरासरी 71. माझ्याकडे त्याच वेळेला 56 यायचा. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. काकांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मी पुढच्या बैठकीत आमच्याच लोकांसमोर सांगितलं. काहींना रुचलं नाही.

पण याच मोजणीतून दुसरी गोष्ट उलगडली. अभियंते आम्हाला सांगत होते की वाहतूक दुप्पट झाली तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. वेग आणि गाड्यांचे प्रकार तेच राहिले तर हे बरोबर आहे. मग हेच गणित उलटंही लागतं. जुन्या रस्त्यावरची निम्मी वाहतूक इंटरचेंजकडे वळली तरी काकांच्या अंगणातले 71 जेमतेम 68 होतील. ज्या दिलाशासाठी ते भांडत होते तो इतकाच! वहीतल्या नोंदी पुन्हा चाळल्या तर दोन्ही ठिकाणी मोठे आकडे ट्रकचे. तेव्हापासून काका आणि मी एकच मागणी करतोय: रात्री अवजड वाहनं कुठून जाणार ते आराखड्यात लिहा, आणि रॅम्पच्या टोकाचा सिग्नल घरांपासून लांब न्या. भरलेला ट्रक सिग्नलवर थांबून चढावर पुन्हा उचल घेतो तेव्हा इंजिन सगळ्यात जास्त ओरडतं. ध्वनिरोधक भिंतही मागितली आहे. ती ट्रकचं इंजिन नजरेआड करण्याइतकी उंच असेल तर साधारण 5 डेसिबलचा फरक पडतो. वरच्या मजल्यावरून रस्ता दिसत राहिला तर तिथे फारसा उपयोग नाही.

या मीटरची मर्यादाही सांगते. तो आजचा आवाज मोजतो, उद्याचा नाही. उद्यासाठी प्रकल्पवाल्यांचं मॉडेलच, म्हणजे आवाजाचा अंदाज काढणारं गणितच लागतं. पण त्या मॉडेलने आजचा आकडा बरोबर काढला आहे का, हे तपासायचं साधन आता आपल्या हातात असतं. आणि सरासरी झोपेबद्दल सगळं सांगत नाही. माझ्या एका दुपारच्या तासात सरासरी 56 होती, कमाल 79. मला जाग आली ती 79 ने. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीत रस्त्याच्या आवाजासाठी पूर्ण दिवसाची भारित सरासरी 53 आणि रात्रीची 45 डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलंय. त्या भारित सरासरीत संध्याकाळच्या आवाजाला 5 आणि रात्रीच्या आवाजाला 10 डेसिबल जास्त धरतात. दिवसाला काहीच नाही. दिवसा झोपणारे आम्ही पाळीवाले त्यात कुठेच नाही, आणि हे मी लेखी हरकतीत मांडलं आहे.

तक्रारी किरकोळ आहेत. पडद्याचा उजेड पंधरा सेकंदांत जातो, अंधारात लिहिताना वैताग येतो. माहितीपुस्तिकेतली अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. नोंदी संगणकावर घ्यायची तार सैल बसते, दोनदा नोंदी घेणं अर्ध्यातच तुटलं. मापाबद्दल मात्र एकही तक्रार नाही.

तुमच्याकडे असा वाद सुरू असेल तर घ्या, पण एकट्याने नको, चार-पाच घरांनी मिळून घ्या, आणि पलीकडच्यांनाही वापरायला द्या. आमचा मीटर सध्या काकांकडे आहे. पहाटे दोन ते चारच्या नोंदी राहिल्या होत्या, आणि त्या वेळी मी वॉर्डात असते.