मोझेलचं खोरं, सीझनभर फिरून: वाईनला पाच स्टार, पाण्याला एकही नाही

आधी पाण्याचं सांगतो, कारण फोटो बघून सगळे वाईनचंच विचारायला लागलेत. जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात कोखेम म्हणून गाव आहे, तिथं नदीकाठच्या एका रेस्टॉरंटात जेवलो, आम्ही दोघं, लेक आणि जावईबापू. बिलात पाऊण लिटर पाण्याची बाटली 7 युरो 20 सेंट, म्हणजे आपले साडेसातशे रुपये धरा, आणि तशा दोन. त्याच बिलात रीसलिंगचा, म्हणजे तिथल्या पांढऱ्या वाईनचा, 200 मिलीचा ग्लास साडेपाच युरो. लेकीनं आधी नळाचंच पाणी मागितलं होतं, वेटर म्हणाला ते आम्ही देत नाही. तिकडं ते फुकट द्यायलाच पाहिजे असा कायदा नाही, शेजारी फ्रान्समध्ये आहे, तिथं पाण्याचा जग भरून ठेवतात, आणि ही मोझेल फ्रान्समधूनच वाहत येते बरं का. आपल्याकडं टपरीवर नुसतं टेकलं तरी आधी पाण्याचा ग्लास येतो, काय घेणार ते नंतर विचारतात. हे मी वेटरला इंग्रजीत सांगायला लागलो तर लेकीनं टेबलाखालून पाय दाबला. जावईबापू बिल द्यायला पुढं झाले म्हणून गप्प बसलो, नाहीतर विषय वाढवलाच असता.

आता बाकीचं. ट्रियर ते कोब्लेन्झ, उभ्या डोंगरावर द्राक्षं, खाली नदीची वळणं, हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलंय असं धरून चालतो. लेक-जावई ट्रियरला राहतात, जावईबापू रोज लक्झेंबर्गला नोकरीला जातात, त्यामुळं मुक्कामाचा खर्च शून्य. ऑगस्टच्या सुरुवातीला गेलो आणि ऑक्टोबर संपता संपता परत आलो, 2025 ची गोष्ट. हातात तेव्हा 58 युरोवालं महिन्याचं डॉइच्लांड तिकीट. अख्ख्या देशातल्या साध्या ट्रेन आणि बस त्यात येतात, फक्त त्या फास्ट गाड्यांत चढायचं नाही. पैसा वसूल म्हणतात ते हेच. सकाळी भाजी-चपातीचा डबा घेऊन निघायचं आणि वाटेल त्या गावात उतरायचं. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही, रेल्वे सगळीकडं नदीकाठानं जातच नाही. ट्रियर सोडलं की लाईन आत विटलिखकडं वळते आणि पार बुलायच्या जवळ परत नदीला भेटते. मधला जो सगळ्यात नावाजलेला पट्टा आहे, बर्नकास्टेल वगैरे, तिथं रेल्वेच नाही. विटलिखला उतरून बस धरायची, आणि रविवारी बस कमी असतात. ट्राबेन-ट्रारबाखला मात्र बुलायवरून एक छोटी गाडी जाते, ती नक्की घ्या. जाताना पुंडेरिखजवळ डोंगराच्या कुशीतून 786 मीटर लांबीचा कमानींचा पूल दिसतो, ह्या जातीचा जर्मनीतला सगळ्यात लांब.

बागा बघायच्या तर ब्रेम गावचा काल्मोंट डोंगर बघा. चढ जवळजवळ 65 अंश, युरोपातला सगळ्यात उभा द्राक्षमळा म्हणून सांगतात. खालून बघितलं तरी मान दुखते. माती म्हणून काही नाहीच, नुसता पाटीचा दगड, काळा-निळा, पायाखाली सरकणारा. दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो, म्हणून इतक्या थंडीच्या मुलखात द्राक्ष पिकतं. फोटो तासगावच्या साडूंना पाठवले. त्यांची थॉम्पसनची बाग, बेदाणा करतात. त्यांचा पहिला प्रश्न, ट्रॅक्टर कुठनं जातो? म्हटलं जातच नाही. एका रुळावर चालणारी खेळण्यासारखी गाडी आहे, तिच्यावर माणूस बसून वर जातो आणि द्राक्षं खाली आणतो, काही ठिकाणी फवारणी तर हेलिकॉप्टरनं. दुसरा प्रश्न, वेल चढवायला मांडव का वाय आकाराचे खांब? दोन्ही नाही. जुन्या बागांत एका वेलीला एकच खांब आणि दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या, सगळं हातानं. साडूंचं उत्तर आलं, "मजुरी परवडत्या कशी?" हाच प्रश्न मी तिथल्या एका बागायतदाराला विचारला तर तो हसला आणि म्हणाला, पोरगा शहरात नोकरी करतो. म्हणजे तिकडं पण तेच.

ह्या बागायतदारांचं रडगाणं नवं नाही म्हणा. कार्ल मार्क्स ट्रियरचाच, 1818 चा जन्म, आणि तरुणपणी पत्रकारिता करताना 1843 मध्ये त्यानं मोझेलच्या द्राक्षवाल्यांच्या हलाखीवर पेपरात लिहिलं होतं. त्याचं घर म्युझियम केलंय. मी बघितलं, मंडळींनी बाहेर आइस्क्रीम खाल्लं.

बांधकामाची आवड असेल तर एक पूर्ण दिवस ट्राबेन-ट्रारबाखला द्या. 1900 च्या आसपास वाईनच्या व्यापारात फ्रान्सच्या बोर्दोच्या खालोखाल ह्याच गावाचं नाव होतं, पैसा एवढा की बर्लिनहून ब्रुनो मोरिंग नावाचा आर्किटेक्ट बोलावला. पुलावरचं दार 1899 चं, बेलव्ह्यू हॉटेल 1903 चं, वळणदार खिडक्या, बुरूज, लाकूडकाम, आणि वाईनच्या गोदामाला पण राजवाड्याचा थाट. त्यातल्या एका जुन्या वाईनरीत आता बुद्ध म्युझियम आहे, दोन हजारांच्या वर मूर्ती. जर्मनीतल्या खेडेगावात वाईनच्या कोठारात बुद्ध, मी दोनदा पाटी वाचली. जमिनीखाली पण तळघरांचं जाळं आहे, गाईड घेऊन बघता येतं, स्वेटर न्या.

कोखेमचा किल्ला लांबून एक नंबर दिसतो. पण मूळचा 1689 मध्ये फ्रेंचांनी उडवला, आता दिसतो तो बर्लिनच्या रावेने नावाच्या शेठनं 1868 ते 1877 मध्ये बांधून घेतलेला. गंमत म्हणजे तिकडं काम संपलं त्याच 1877 ला इकडं आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं सुरू झालं. त्यामुळं हजार वर्षांचा किल्ला बघतोय म्हणून हात जोडू नका, समवयस्क आहेत दोघं. खरा जुना बघायचा तर एल्ट्झ. कधी पडला नाही, बाराव्या शतकापासून त्याच घराण्याकडं, जुन्या 500 मार्कांच्या नोटेवर त्याचंच चित्र होतं. मोझेलकेर्न स्टेशनला उतरून ओढ्याच्या कडेनं जंगलातून चालत जायचं, तास-सव्वा तास लागतो. हिचे गुडघे दुखतात तरी ही चालली, वाटेत कुठं पाणी विकत घ्यावं लागलं नाही कारण दोन बाटल्या घरून भरून नेलेल्या.

बर्नकास्टेलला 1416 चं एक टोकेरी घर आहे, खाली अरुंद आणि वर रुंद, त्याच्यापुढं फोटोवाल्यांची ही गर्दी. मला त्यापेक्षा नदीपलीकडचं कूस आवडलं. तिथं जन्मलेल्या निकोलस नावाच्या कार्डिनलनं 1458 मध्ये 33 गरीब म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला, ख्रिस्ताचं वय 33 म्हणून तेवढी माणसं. खर्चाला द्राक्षबागा जोडून दिल्या. आज पण तिथं वृद्धाश्रम चालू आहे आणि बागा पण. देवस्थानाच्या जमिनी असतात तसंच, फक्त इथं अजून हिशोब लागतोय.

आता राहण्याचं. पहिल्यांदा नदीकाठचं चांगल्यापैकी हॉटेल घेतलं, रात्रीला 130 युरो, आणि खोलीत पाण्याची बाटली ठेवलेली, गळ्यात चिठ्ठी, साडेचार युरो. लेक म्हणाली बाबा, इथलं नळाचं पाणी एकदम शुद्ध असतं, बाथरूममधूनच भरा. आमच्या मंडळी म्हणाल्या, बेसिनचं पाणी मी पिणार नाही. झालं, रात्रभर ती बाटली आमच्याकडं बघत होती. सकाळी मी स्टीलची बाटली नाश्त्याच्या ठिकाणी भरून घेतली, तिथं पाणी फुकट, कारण नाश्ता भाड्यात धरलेला. हा न्याय मला अजून कळलेला नाही.

इथपर्यंत मी दोनच स्टार देणार होतो. पण सप्टेंबरमध्ये एका बागायतदाराच्या घरी राहिलो आणि मत बदललं. वर तीन-चार खोल्या, खाली त्यांचं घर, मागं तळघर. दोघांना नाश्त्यासकट 84 युरो. लिफ्ट नाही, कार्ड नाही, रोखच द्या म्हणाले, दहानंतर आवाज नाही. पण बॅगा वर नेऊन ठेवल्या आणि मालकीणबाईंनी, सत्तरीच्या असतील, न मागता काचेचा जग भरून पाणी आणून ठेवलं, वर पुदिन्याची पानं. हिनं माझ्याकडं असं बघितलं की बघा आता. दुसऱ्या दिवशी बिल आलं तर मी आधी पाणी कुठं लावलंय का तेच शोधलं. नव्हतं. संध्याकाळी मालकांनी तळघरात नेलं, एकेक घोट चाखायला दिला. काबिनेट म्हणून प्रकार असतो, अल्कोहोल आठ-नऊ टक्केच, जरा गोडसर पण आंबटपणा असा की तोंड साफ होतं. आमच्या कांदा-लसूण चटणीबरोबर, हो, नेलेली होती, त्याच्यासारखं काही लागत नाही. मालकांनी पण चटणी बोटावर घेतली आणि लगेच दुसरा ग्लास भरला. बाटलीवर ट्रोकन लिहिलेलं असेल तर ती कोरडी, ती माझ्यासाठी, गोडसर हिच्यासाठी. बाटली साडेनऊ युरो. तीच कोखेमच्या कार्डावर 28 ला बघितलेली.

तेव्हापासून मोठी रेस्टॉरंट बंद. बागायतदारांनी स्वतःच्या अंगणात काढलेल्या खानावळी असतात, श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात, वर्षाला चारच महिने चालवायला परवानगी आणि खुर्च्या चाळीसच. दारात झाडू नाहीतर फांदी टांगलेली दिसली की समजायचं चालू आहे. जेवण साधं, चीज, ब्रेड, कांद्याचा केक, बटाट्याचं काहीतरी. इथं पण पाणी विकतच, पण एक जुगाड सापडला, शोर्ले, म्हणजे वाईनमध्ये निम्मा सोडा. बऱ्याच ठिकाणी नुसत्या पाण्यापेक्षा चाळीस-पन्नास सेंटच जास्त. म्हणजे तहान लागली तरी वाईनच प्या असंच ठरवलंय त्यांनी. सोमवार-मंगळवार जाऊ नका, निम्म्या जागा बंद, आणि रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद होतं, मग कितीही गोड बोला.

सीझनला आणखी एक मिळतं, फेडरवाइसर, अजून आंबत असलेली ताजी वाईन, ढगाळ, ताकासारखी. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, घट्ट केलं तर गॅसनं फुटेल. दुकानदारानं उभी धरा म्हणून खुणेनं सांगितलं होतं, ट्रेनमध्ये शेजारच्या पोरानं रॅकवर बॅग सरकवताना ती आडवी केली. कोब्लेन्झहून येणारी अख्खी बोगी आंबूस वासानं भरली, माझ्या स्वेटरला अजून तसाच वास येतो. अर्धी उरली ती घरी प्यायलो, फेकणार थोडीच.

आणि पुराचं सांगायलाच पाहिजे, कारण आपण कोल्हापूरकर तिथं आपोआप थांबतो. नदीकाठच्या प्रत्येक गावात घरांच्या दगडी चौकटीवर रेघा कोरलेल्या, शेजारी साल. डिसेंबर 1993 ची रेघ बहुतेक ठिकाणी डोक्याच्या वर, ट्रियरला त्या पुरात पाणी 11 मीटर 28 सेंटीमीटरवर गेलं होतं. ही तिथं हात लावून उभी राहिली, म्हणाली आपल्या शाहूपुरीतल्या दुकानाच्या भिंतीवर 2019 चा डाग अजून आहे, आपण रंग मारून झाकला. आम्ही पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की सामान वर चढवायला घेतो, तिथले लोक पण तसंच, तळमजल्यावर महागाचं काही ठेवत नाहीत, फर्निचर हलकं. त्या मालकीणबाईंशी लेकीनं ह्यावर तासभर गप्पा मारून दिल्या, दोघी बायका कुठलीच भाषा एक नसताना हातानं पाण्याची उंची दाखवत होत्या. एवढं पाणी घरात येतं आणि ग्लासभर द्यायला साडेसातशे रुपये घेतात, हे मी तिथं बोललो नाही.

येताना माणशी दोनच लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे एकाला दोन बाटल्या, तिसरीचा हिशोब बसत नाही. चारही घरी सुखरूप आल्या, एक साडूंना दिली, त्यांनी बर्फ घालून प्यायली.

शेवटचं, तिकिटाचं. ते सबस्क्रिप्शन असतं, दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. लेकीनं ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही तिकिटं ॲपवरून रद्द केली, एकाचा कन्फर्मेशन मेल आला, दुसऱ्याचा नाही, आणि नोव्हेंबरचे 58 युरो तिच्या खात्यातून कापले. स्क्रीनशॉट पाठवला, फोन केला, अर्धा तास संगीत ऐकलं, मग म्हणाले मेल करा, मेल केला तर ऑटोमॅटिक उत्तर. लेक म्हणते सोडा बाबा. मी म्हटलं 58 युरोत पाण्याच्या आठ बाटल्या येतात, सोडायचं कसं? दर सोमवारी मेल चालू आहे.