मासे खायला: वाशीचं नावाजलेलं हॉटेल की दिवाळ्याची खानावळ?

वाशीतल्या त्या नावाजलेल्या हॉटेलात तासभर ताटकळायचं आणि सुरमईची तुकडी पापडाएवढी पातळ. रव्याच्या थरात मासा शोधावा लागतो. सोलकढीत नारळाचं दूध नावालाच. भर पावसाळ्यात वेटर 'एकदम ताजं पापलेट' सांगतो. अरे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मग हे बहुतेक बर्फातलंच की!

बेलापूरच्या दिवाळे गावाजवळच्या खानावळीत एसी नाही, टेबलं चिकट, उशिरा गेलात तर भात-रश्शावर भागवा. पण काकू स्वतःच म्हणतात, "पापलेट नको घेऊस आज, बोंबील बघ." बोंबील बाहेरून कुरकुरीत, आत नुसता विरघळतो. घरच्यांना एसीच हवा असेल तर जा हॉटेलात, फक्त सोलकढी मागवू नका.