२१४ला जोडलेला २१५: काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसचा अनुभव

आधीच सांगते, मी सैन्यातली नाही आणि माझ्या घरातलंही कुणी अमेरिकेच्या सैन्यात नव्हतं. ओहायोत येऊन बावीस वर्षं झाली, त्याआधी बँकेत क्लार्क होते. हा अनुभव शेजारच्या, माजी सैनिक असलेल्या आजोबांचा आहे, आणि आमच्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) व्हेटरन्स ऑफिसचा, म्हणजे माजी सैनिकांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या कार्यालयाचा. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते म्हणून मीही तेच लिहितेय. वय ७६. बायको २०१९ मध्ये गेली, मुलगी लांब अ‍ॅरिझोनात. कागदपत्रांचं काम निघालं की ते आमचं दार वाजवतात, कारण फॉर्म भरायला मला आवडतं हे त्यांना एकदा कळलंय.

आजोबा सैन्यात असताना वर्षभर व्हिएतनामच्या युद्धात होते, आणि आता त्यांना मधुमेह आहे. व्हिएतनाममध्ये पाऊल टाकलेल्या सैनिकाला एजंट ऑरेंजची (तिथे जंगलाची पानं गाळायला अमेरिकेनं फवारलेल्या विषारी रसायनाची) बाधा झाली असं सरकार गृहीतच धरतं, आणि टाइप २ मधुमेह त्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे फवारणी अंगावर पडली होती का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही, तिथे होतो एवढं दाखवलं की पुरे. २०२२ मध्ये पॅक्ट कायदा (अशा विषारी बाधेबद्दल माजी सैनिकांना मदत वाढवणारा) आला, रक्तदाबही यादीत आला, सगळीकडे त्याची चर्चा सुरू झाली आणि आजोबांनी उशिरा का होईना भरपाईसाठी अर्ज केला. नोव्हेंबरात पत्र आलं: तुमच्या सेवेच्या कागदावर व्हिएतनामची नोंद दिसत नाही, पुरावा पाठवा.

आजोबा पत्र घेऊन आले तेव्हा मी त्यांचा डीडी २१४ पहिल्यांदा नीट पाहिला. सैन्यातून सुटताना मिळणारा हा एक पानी कागद आहे. पेन्शन, कर्ज, दफनभूमीतली जागा, सगळं त्याच्यावर चालतं. त्यांचा कागद एप्रिल १९७० चा, टाइपरायटरवरचा. रकाना २२ सी, परदेशातली किंवा समुद्रावरची सेवा: शून्य. रकाना २४, पदकं: फक्त नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल, जे त्या काळात भरती झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळायचं. रकाना ३०, शेरा: कोरा. आणि रकाना ३२ मध्ये आजोबांची स्वतःची ठसठशीत सही.

"वाचलं नव्हतंत?" मी विचारलं.

ते म्हणाले, विमान रात्री उतरलं. कॅलिफोर्नियातल्या तळावर आम्हाला स्टेक वाढला, नवा गणवेश मापाने दिला, रांगेत उभं केलं. पाच महिन्यांपेक्षा कमी नोकरी उरलेल्यांना तिथूनच घरी सोडत होते. पहाटे चारला कारकुनानं कागद पुढे सरकवला. खाली सही केली की घरी जायला मोकळा. मी काय वाचणार? सही माझीच आहे, आता कुणाला बोलणार?

त्यांच्याकडे बुटांच्या खोक्यात बायकोनं जपलेली पत्रं आहेत. पाकिटाच्या कोपऱ्यात तिकिटाच्या जागी हातानं 'फ्री' लिहिलेलं, कारण व्हिएतनाममधल्या सैनिकांना टपाल फुकट होतं. परतीचा पत्ता मात्र एपीओ (म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) सॅन फ्रान्सिस्को. त्यामुळे त्यांची मुलगी लहानपणी समजायची की बाबा वर्षभर सॅन फ्रान्सिस्कोलाच होते.

आता इथे आम्ही चूक केली आणि पैसे घालवले. इंटरनेटवर 'सैन्याच्या नोंदी तातडीने मिळवून देऊ' म्हणणारी एक खासगी वेबसाइट सापडली. ८९ डॉलर घेतले. सात आठवड्यांनी काय आलं? तोच डीडी २१४, जो आजोबांच्या कपाटात होता. त्या लोकांनी फक्त एक साधा विनंती अर्ज भरून सेंट लुइसला, म्हणजे जिथे सैन्याच्या जुन्या नोंदी ठेवतात तिथे, पाठवला होता, जो माजी सैनिकाला स्वतः, फुकट पाठवता येतो. नाव देत नाही, अशा वेबसाइट बऱ्याच आहेत. कुणी पैसे मागितले की टॅब बंद करा.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसात गेलो. ओहायोत ८८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत हे ऑफिस असतं. माझं हे परीक्षण खरं तर त्याचंच आहे.

जागा साधी. पार्किंग छोटं, दहानंतर मिळत नाही, आम्ही दोनदा समोरच्या चर्चच्या आवारात गाडी लावली. आत चार खुर्च्या, भिंतीवर पाचही दलांची बोधचिन्हं. (आता सहा दलं आहेत, स्पेस फोर्सचं चिन्ह लावायचं राहिलंय, ते मी त्यांना सांगितलं.) आम्हाला भेटल्या त्या सर्व्हिस ऑफिसर बाई स्वतः नौदलात होत्या. पन्नाशीच्या. त्यांनी आधी २१४ घेतला, चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला आणि पहिला प्रश्न विचारला: "तुमची पूर्ण फाइल कधी मागवली आहे का?"

ही पूर्ण फाइल म्हणजे सगळ्या प्रकरणाची किल्ली. लोक काय करतात, २१४ चुकीचा दिसला की लगेच दुरुस्तीचा अर्ज टाकतात. हातात पुरावा नसतो, अर्ज परत येतो. बाईंनी आधी सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे संपूर्ण सेवापुस्तक मागवायला लावलं. अर्जात 'फक्त २१४' ऐवजी 'संपूर्ण फाइल' असं लिहायचं, इतकाच फरक. सही आजोबांचीच लागते. सैनिक हयात नसेल तर जोडीदार, आईवडील, मूल किंवा भावंड मागू शकतं. शेजारीण चालत नाही, हे मला तिथेच कळलं. फी शून्य.

माझ्या मनात एक भीती होती. १९७३ मध्ये १२ जुलैला सेंट लुइसच्या त्या इमारतीला मोठी आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या, हे मी वाचलं होतं. बाई म्हणाल्या, जळाल्या त्या मुख्यतः १९६० च्या आधी सुटलेल्या लष्करी जवानांच्या आणि १९६४ च्या आधीच्या काही हवाईदलाच्या. तुमची फाइल १९७० ची. निवांत राहा.

मे महिन्यात फाइल आली. झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं इतकी फिकट की खिडकीच्या काचेवर धरून वाचावी लागली. त्यातलं एक पान म्हणजे डीए फॉर्म २०, म्हणजे त्या काळातला जवानाच्या सेवेच्या नोंदींचा जाड घडीचा तक्ता. रकाना ३१, परदेश सेवा. तिथे निळ्या पेनच्या, आता करड्या झालेल्या अक्षरात लिहिलं होतं व्हिएतनाम, आणि पुढे गेल्याची आणि परतल्याची तारीख: एप्रिल १९६९ ते एप्रिल १९७०. खाली रकाना ३८ मध्ये त्यांच्या तुकडीचं नाव, तारखांसकट. म्हणजे सैन्याला सगळं माहीत होतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ते राहिलं. माझ्या बँकेत याला पोस्टिंग चुकलं म्हणत. खतावणीत बरोबर, पासबुकात नाही.

आजोबांनी ते पान घेतलं आणि बोट फिरवत परतीची तारीख दोनदा वाचली. मग म्हणाले, हो, मंगळवार होता.

पुढचा फॉर्म डीडी १४९, दुरुस्ती मंडळाकडचा अर्ज. इथे बाईंचा अनुभव दिसला. मी उत्साहात दीड पान कहाणी लिहून नेली होती: पहाट, स्टेक, सगळं. त्यांनी वाचली, हसल्या आणि बाजूला ठेवली. त्यांनी जे लिहिलं ते तीन ओळींचं होतं: अमुक रकान्यात अमुक नोंद हवी, पुरावा अमुक पान. पत्रांची दोन पाकिटं मात्र जोडली, 'असू द्यात' म्हणाल्या.

एका रकान्यावर त्या फार वेळ थांबल्या. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असा नियम आहे. उशीर झाला असेल तर न्यायाच्या दृष्टीनं तो माफ करायचा अधिकार मंडळाला असतो, पण कारण द्यावं लागतं. आजोबा म्हणाले, चूक तर १९७० ची. बाई म्हणाल्या, चूक कधी झाली ते विचारत नाहीत, तुम्हाला कधी कळली ते विचारतात. नोव्हेंबर २०२२ चं पत्र त्यांनी तिथे जोडलं.

मग पदकांचा हिशोब. आजोबांची अपेक्षा एका पदकाची. बाईंनी नियमावली उघडून बोटावर मोजलं. व्हिएतनाम सर्व्हिस मेडल तर हक्काचं. शिवाय मोहिमांच्या अधिकृत तारखा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक मोहिमेला एक छोटा कांस्यतारा. आजोबांच्या वर्षात १९६९ च्या टेट प्रतिहल्ल्याचा शेवटचा भाग, मग उन्हाळा-शरद १९६९, मग हिवाळा-वसंत १९७० असे तीन बसतात, म्हणून तारे तीन. परदेशातल्या दर सहा महिन्यांना बाहीवर एक पट्टी, त्या दोन. सहा महिन्यांच्या वर राहिले म्हणून दक्षिण व्हिएतनाम सरकारचं मोहीम पदक. आणि एक तुकडीचा सन्मान, गॅलंट्री क्रॉस विथ पाम, जो सैन्यानं १९७४ च्या एका आदेशानं तिथल्या तुकड्यांना सरसकट लागू केला. हा आदेश निघाला तेव्हा आजोबा घरी येऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे पहाटेच्या त्या कारकुनानं कितीही नीट टाइप केलं असतं तरी ही एक नोंद राहिलीच असती.

अर्ज जूनमध्ये गेला. मार्च २०२४ मध्ये लिफाफा आला. मंडळापुढे सुनावणी वगैरे काही झाली नाही. कागद स्पष्ट असल्यानं कार्यालयीन पातळीवरच दुरुस्ती झाली.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, नाहीतर विरस होतो. नवा कोरा डीडी २१४ येत नाही. येतो तो डीडी २१५, वेगळा कागद: या रकान्यातलं हे काढा, हे घाला. जुना कागद तसाच राहतो, शून्यासकट. गावाकडच्यांना पटकन कळेल, सातबाऱ्यासोबत फेरफार वाचावा लागतो तसंच. दोन्ही कायम एकत्र दाखवायचे. आजोबांचा चेहरा जरा पडला, त्यांना ते शून्य गेलेलं पाहायचं होतं. बाईंनी दोन्ही कागद काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवून घ्यायला सांगितलं, तेही फुकट, म्हणजे घरची प्रत हरवली तरी काळजी नाही.

पदकं ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाहून जाड पाकिटात आली. दक्षिण व्हिएतनामचं पदक त्यात नव्हतं, परक्या देशाचं असल्यानं ते दुकानातून विकत घ्यावं लागतं. आजोबा म्हणाले, राहू दे, ते सरकारही नाही आता. कांस्यतारे वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत होते, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. मधुमेहानं त्यांची बोटं बधिर झाली आहेत, त्यामुळे ते माझ्या मुलीनं फितीवर बसवले. नियमाप्रमाणे ताऱ्याचं एक टोक वर हवं. तिसरा जरा तिरका बसला. तिनं काढायला घेतला तर आजोबांनी पदक उचलून खिशातच टाकलं.

ऑफिसला पाचपैकी साडेचार. अर्धा पार्किंगचा कापला. मधुमेहाचा अर्ज दोन्ही कागद जोडून पुन्हा गेलाय. बाई गुरुवारी नसतात, तेवढं बघून जा.